पाचपट कंपास

गोलमास्तरांना गोलमास्तर हे नाव कोणी ठेवलं ते शाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं, पण का ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षं त्यांनी भूमिती शिकवली आणि चौतीस वर्षांत वर्तुळ काढायला कधी कशाचा आधार घेतला नाही. फळ्याकडे अर्धी पाठ करून उभं राहायचं, मुलांकडे बघून बोलत राहायचं आणि बोलता बोलता खांद्यापासून हात एकदाच फिरवायचा. खडू जिथून निघाला तिथेच येऊन टेकायचा. मग मधोमध एक टिंब द्यायचं आणि म्हणायचं, "मोजा." मुलं दोरी घेऊन धावायची. दोरी कुठेही धरा, तेवढीच भरायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी स्वतः दोरी लावून पाहिली आणि मास्तरांचा हात उलटासुलटा करून बघितला, जणू काही आत यंत्र असावं.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मास्तर दर शनिवारी आपखुशीने सहावीच्या वर्गावर एक तास घ्यायचे. बाकीचे सहा दिवस म्हणजे त्या तासाची तयारी. लोक देवळात जातात, फिरायला जातात, दवाखान्यात जातात. मास्तर सहावीत जायचे.

गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. फार नाही, पण खडू हातात असला की खडूला कळायचं. डॉक्टर म्हणाले, "वयाचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. फक्त कप अर्धा भरत जा." मास्तरांनी ही गोष्ट घरात कोणाला सांगितली नाही. बायकोने कोणी न सांगताच कप अर्धा भरायला सुरुवात केली, आणि याबद्दल दोघंही एक अक्षर बोलली नाहीत. असे करार संसारात पुष्कळ असतात.

पण फळा काही बायको नव्हे. एका शनिवारी मास्तरांनी हात फिरवला आणि फळ्यावर बटाटा उमटला. नीट धुतलेला, एका बाजूने जरा दबलेला बटाटा. मुलं हसली नाहीत. हसली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. सहावीचा वर्ग फळ्यावर बटाटा पाहून हसत नाही, याचा अर्थ काहीतरी भलतंच बिघडलेलं आहे.

नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यातून चालल्या होत्या. बाई मनाने चांगल्या. त्यांनी मास्तरांना खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, पंखा लावला. एवढं आदरातिथ्य झालं तेव्हाच मास्तर सावध झाले.

"सर, शनिवारच्या तासाला आपण पडदा लावू या का? पडद्यावर वर्तुळ आपोआप येतं. रंगीतसुद्धा. तुम्हाला दगदग नको."

"दगदग?"

"म्हणजे तुम्ही बसून ऐकलंत तरी चालेल."

आपल्याच तासाला बसून ऐकायचं! मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, मुलांनी साधन हाताळलेलं बघायला हवं. फळ्यावरचा मोठा कंपास असतो ना, तो घेऊन शिकवायचं माझ्या मनात बरेच दिवस आहे," असं ते म्हणाले. मनात ते तेव्हाच आलं होतं. कंपासाचं टोक एकदा रोवलं की हात किती का थरथरेना, खडूला ठरलेल्या वाटेनेच जावं लागतं, हा त्यामागचा हिशेब. पण तो त्यांनी बोलून दाखवला नाही.

बाई म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी मागच्या बाकावर बसते. मग ठरवू."

फळ्यावरचा कंपास शाळेत होता. कपाटावर, पृथ्वीच्या गोलाच्या मागे. लाकडी, हातभर लांबीचा आणि डोक्यात मोडलेला. एक पाय धड होता, दुसरा उभा चिरला होता, आणि दोन्ही पाय जिथे एकत्र येतात तो सांधा जागेवर नव्हताच. 'फळ्यावरचा कंपास आहे का?' हा प्रश्न बाजारातल्या स्टेशनरीवाल्याने गेल्या दहा वर्षांत ऐकला नव्हता. त्याने आतल्या माणसाला ऐकायला बोलावलं. मोबाइलवर शोधून एक मागवला, तो फोटोत मोठा दिसत होता आणि आला तेव्हा वीतभर निघाला.

मास्तरांची सून पंपाच्या कारखान्यात सुट्या भागांचे नकाशे करायची. जेवताना तिने सहज म्हटलं, "बाबा, आपण कॅडमध्ये काढू या. छोटा कंपास मोजायचा, काँप्युटरवर काढायचा, आणि हवा तेवढा मोठा करून प्लास्टिकमध्ये छापून घ्यायचा."

"मोठा करायचा म्हणजे परत काढायचा?"

"नाही हो. प्रत्येक मापाला नाव द्यायचं आणि मापांची एकमेकांशी नाती बांधायची. पायाची जाडी म्हणजे लांबीचा विसावा भाग, भोक म्हणजे जाडीच्या इतके पट, असं. मग एक लांबी बदलली की बाकी सगळी मापं आपसूक बदलतात."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "म्हणजे समरूप आकृत्या!"

"हो, तसंच. पण सगळंच बांधायचं नसतं बरं का. काही मापं—"

पुढचं मास्तरांनी ऐकलं नाही. चौतीस वर्षं ते मुलांना सांगत आले होते की दोन आकृत्या समरूप असतील तर सगळ्या बाजू एकाच प्रमाणात असतात. सगळ्या. आणि हे सत्य जगात कुणीतरी यंत्रात घालून विकायला ठेवलंय, हे त्यांना आज, निवृत्तीनंतर सहा वर्षांनी कळत होतं.

वर्गातल्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खणात एक बेवारस कंपास पडून होता. तो मास्तरांनी घरी आणला. सुनेने मोजायला व्हर्निअर दिलं आणि मास्तर चष्म्यावर दुसरा चष्मा लावून कामाला लागले. बारा सेंटिमीटर लांबीच्या त्या एवढ्याशा वस्तूत त्रेचाळीस मापं निघाली. डोक्यावर धरायची मूठ, तिच्यावरच्या चोवीस खाचा, स्क्रू, वॉशर, पेन्सिल धरायचं कडं, कड्याचा चावीसारखा खिळा, टोक, टोकाची निमुळती बाजू. मुठीवर एका बाजूला दाताची खूण होती. कुणीतरी अवघड उदाहरणाच्या वेळी ती मूठ चावली होती. मास्तरांनी तीही मोजली. खोली, रुंदी, दोन दातांमधलं अंतर.

"बाबा, हे काय काढलंय?" सुनेने पडद्यावर बोट ठेवलं.

"दाताची खूण."

"ती कशाला?"

"आहे म्हणून."

काँप्युटरवर मास्तरांची वेगळीच परीक्षा होती. माउसवर हात ठेवला की पडद्यावरचा बाण गुळावरच्या माशीसारखा थरथरायचा. एक बिंदू पकडायला जावं तर शेजारचे तीन पकडले जायचे. दुसऱ्या दिवशी सून आली, क्षणभर मागे उभी राहिली आणि म्हणाली, "हा माउस फारच जुना झालाय बाबा, थांबा." तिने कुठेतरी दोन खुणा केल्या आणि बाण शहाण्यासारखा सावकाश चालायला लागला. माउस गेल्याच महिन्यात घेतलेला होता. मास्तर म्हणाले, "हल्लीच्या वस्तू टिकतच नाहीत."

शेजारी वीज खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. त्यांना सगळी आळी फ्यूजकाका म्हणायची, कारण कोणतीही अडचण सांगितली तरी त्यांचं निदान 'फ्यूज' हेच असायचं. ते काठी टेकत रोज चहाला यायचे आणि मास्तरांच्या खुर्चीमागे उभं राहून पडद्याकडे बघायचे.

"मास्तर, एक विचारू? दोरी बांधायची, एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला खडू. झालं वर्तुळ. एवढ्यासाठी काँप्युटर?"

दोरी ताणून धरायला स्थिर हात लागतो, हे खरं उत्तर होतं. मास्तर म्हणाले, "दोरी ताणली जाते. त्रिज्या बदलते."

"मग तार घ्या."

"तार वाकते."

"मग साखळी घ्या."

"तुम्ही चहा घ्या."

नाती बांधायचं काम मास्तरांनी कोणाला करू दिलं नाही. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मापं त्यांनी शेवटी एका लांबीच्या दावणीला बांधली. मधेच यंत्राने लाल अक्षरांत कुरबुर केली: कड्याचं माप जाडीवरून, जाडी मुठीवरून आणि मूठ परत कड्यावरून घेतली होती, त्यामुळे सुरुवात कुठून करायची तेच त्याला कळेना. "तुम्ही गोल गोल फिरताय," असा त्याचा एकंदर सूर होता. जन्मभर गोल काढलेल्या माणसाला हे लागलं. पण चूक होती खरी, त्यांनी ती दुरुस्त केली.

सुनेने शेवटचं एकदा सांगून पाहिलं. "बाबा, स्क्रूचं माप मोकळं ठेवा. खडूच्या भोकाचंही. ती नात्यात नकोत."

"अगं, एकाला सोडलं की दुसरा म्हणणार मलाही सोडा. समरूपतेत वशिला चालत नाही."

सून कारखान्यात सात वर्षं वरिष्ठांबरोबर काम करत होती. कुठे थांबायचं ते तिला कळत होतं. तिने फक्त मान डोलावली.

मास्तरांनी बाराच्या जागी साठ लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर कंपास एका दमात वाढला. मूठ, खाचा, कडं, सगळं जिथल्या तिथे. मास्तरांनी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. ती म्हणाली, "आधी होता तसाच तर दिसतोय." मास्तर म्हणाले, "तेच तर!"

बाजारपेठेत बक्षिसांच्या ढाली आणि किल्ल्यांची कडी छापणारा एक छपाईवाला होता. त्याच्या यंत्रात एवढे लांब पाय मावेनात, म्हणून प्रत्येक पाय तीन तुकड्यांत छापून चिकटवावा लागला. आठवडा गेला. वस्तू हातात देताना त्याने मुठीवरच्या खड्ड्यात अंगठा घालून विचारलं, "काका, हे चावल्यासारखं काय आहे? कुत्रं का?"

"विद्यार्थी," मास्तर म्हणाले.

छपाईवाला दार उघडून द्यायला बाहेरपर्यंत आला.

घरी सगळे टेबलाभोवती जमले. पहिला मान खडूचा. छोट्या कड्यात सात मिलिमीटरची पेन्सिल बसायची. पाचपट कड्यात मास्तरांनी खडू ठेवला, तो सरळ आरपार जाऊन जमिनीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. फ्यूजकाका वाकून बघत म्हणाले, "यात माझी काठी बसेल." बसवून पाहिली. बसली, वर जागा उरली. मग स्क्रू. पाचपट स्क्रूचे आटेही पाचपट. हार्डवेअरच्या दुकानदाराने नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "कुठलं धरण?" टोकाचं तर विचारूच नका. सुईचं पाचपट म्हणजे सळई. ती घेऊन शाळेत शिरले असते तर शिपायाने आधी हात वर करायला लावले असते.

आणि शेवटी मास्तरांनी कसाबसा जोडलेला तो कंपास टेबलावर उभा करून हात काढला. कंपास एक क्षण विचारात उभा राहिला. मग त्याने सावकाश दोन्ही पाय दोन दिशांना फाकवले आणि तो टेबलावर पसरला. परत उभा केला, परत पसरला.

"फ्यूज," फ्यूजकाका म्हणाले.

सुनेने पसरलेला कंपास उचलून त्याचा सांधा हलवून पाहिला. मग हळूच म्हणाली, "बाबा, लांबी पाचपट झाली. पण वजन तेवढ्यावर थांबत नाही ना. पाच गुणिले पाच गुणिले पाच. एवढं वजन तोलायला सांध्याची पकड लागते, ती कुठून येणार? फट पण पाचपट केलीय आपण. भूमितीत वस्तूला वजन नसतं, इथे असतं."

'आपण' हा शब्द तिने मुद्दाम घातला, हे मास्तरांच्या लक्षात आलं. पण त्यांना लागलं ते वेगळंच. घनफळाचा धडा त्यांनी चौतीस वेळा शिकवला होता. बाजू दुप्पट केली की घनफळ आठपट, हे तो धडा शिकलेला कुठलाही पोरगा झोपेत सांगेल. आणि त्या पोरांचे मास्तर वस्तू पाचपट करून वर विचारत होते की ही उभी का राहत नाही. त्या दिवशी ते जेवले, पण चवीने नाही.

महिन्याचे दहा दिवस उरले होते. नवा कंपास शाळेत दाखल करायची निदान कागदपत्रं तरी पुरी करावीत म्हणून मास्तर शाळेच्या लेखनिकाकडे गेले. लेखनिक काटेकोर माणूस. त्याने शाळेच्या वस्तूंच्या नोंदीचं डेडस्टॉक रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि एका ओळीवर पट्टी ठेवली.

"फळ्यावरचा कंपास, लाकडी, नग एक. स्थिती उत्तम."

"तो मोडलाय."

"मोडल्याची नोंद नाही."

"मग करा नोंद."

"त्याला तिघांची समिती लागते सर. मुख्याध्यापक, मी आणि भूमितीचे शिक्षक."

"मग मी आहे ना!"

"तुम्ही निवृत्त आहात. ती जागा रिकामी आहे. समिती बसत नाही, म्हणून कंपास मोडत नाही. आणि एक उत्तम स्थितीत असताना दुसरा दाखल करता येत नाही."

मास्तरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. शिपाई मैदानावर पाणी मारत होता. मोडलेली गोष्ट मोडली म्हणून लिहायला कोणी नसेल तर ती उत्तम असते, हा विचार त्यांना एरवी पटला नसता. पण उजवा हात खिशात घालून उभं राहिलेल्या माणसाला तो अगदीच परका वाटला नाही.

लेखनिकाला त्यांचा चेहरा बघवला नसावा. त्याने पट्टी उचलली आणि आवाज उतरवला. "सर, नवीन म्हणूच नका. दुरुस्ती म्हणा. दुरुस्तीला समिती लागत नाही. फक्त जुन्या कंपासातला एखादा भाग नव्यात पाहिजे. तो धड पाय घ्या."

अशा रीतीने रजिस्टरमधल्या एका ओळीमुळे मास्तरांच्या समरूपतेला पहिला तडा गेला. जुना पाय लाकडी, चौकोनी, बावीस मिलिमीटर जाडीचा होता. तो कुणाच्या पाचपट नव्हता आणि कुणाच्या सांगण्याने बदलणार नव्हता. सांध्याला त्याच्या मापाचं व्हावं लागणार होतं.

मास्तरांनी वही घेतली आणि त्रेचाळीस मापं पुन्हा एकेक करून लिहायला बसले. या वेळी प्रत्येकापुढे एक प्रश्न: हे कोणाचं ऐकतं? मुठीची लांबी कंपासाच्या लांबीचं ऐकते. बरं. पण मुठीची जाडी? ती धरणाऱ्या हाताचं ऐकते. फळा मोठा झाला म्हणून कोणाचा पंजा मोठा होत नाही. भोक खडूचं ऐकतं. स्क्रू दुकानदाराचं ऐकतो, दुकानात जो मिळेल तोच. सांध्यातली फट तर कोणाचंच ऐकत नाही. कंपास केवढाही करा, तिला केसाएवढंच राहायचं असतं. लिहिता लिहिता मास्तरांना गंमत वाटायला लागली. जन्मभर ते बाजू मोजत आले होते. बाजूचं म्हणणं काय, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

बायको शेजारी बसून शिवण उसवत होती. तिने वहीत डोकावून पाहिलं. "यात एवढं काय आहे? मुलाचे सदरे दरवर्षी मोठे शिवले मी. बटणं कधी मोठी लावली का?"

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला 'आधी होता तसाच दिसतोय' एवढंच सांगायला बोलावलं होतंत."

सून कारखान्यातून आली तेव्हा मास्तरांनी वही तिच्यासमोर ठेवली आणि विद्यार्थ्यासारखे बाजूला उभे राहिले. तिने सगळी पानं वाचली. त्रेचाळीसांपैकी सतरा मापं नात्यात राहिली होती, बाकीची मोकळी. तिने दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली, तिथे तिचं म्हणणं बरोबर निघालं.

"आणि दाताची खूण?" मास्तरांनी विचारलं. "ती नात्यात की मोकळी?"

"बाबा, ती काढून टाका हो."

"नको. पण पाचपटही नको. दात काही वाढला नव्हता त्याचा." खूण मूळ मापाची राहिली.

या वेळी फक्त सांधा, मूठ आणि खडूचं कडं छापून घेतलं. एक पाय जुना, दुसरा सुताराने त्याच्याशी जुळवून दिला. सळईऐवजी टोकाला काय लावावं यावर आळीत चर्चा झाली आणि शेवटी फ्यूजकाकांनी आपल्या काठीचं खालचं रबर काढून टेबलावर ठेवलं. "घ्या. फळ्याला भोक पडायचं नाही." मग ते भिंतीला धरून घरी गेले. कंपास टेबलावर उभा केला. उभा राहिला. कपाटाच्या रंगवलेल्या दारावर मास्तरांनी टोक टेकवून हात फिरवला, आणि कपाटावर वर्तुळ उमटलं. पूर्ण, गोल, जिथून निघालं तिथेच टेकलेलं. कपाट बायकोच्या माहेरचं होतं. तिने फक्त ओलं फडकं आणून शेजारी ठेवलं.

पहिला शनिवार आला. लेखनिकाने शुक्रवारीच 'दुरुस्ती पूर्ण' असा शिक्का मारून कंपास ताब्यात घेतला होता, त्यामुळे शाळेत तो चालवून बघायला मास्तरांना मिळाला नाही. मुख्याध्यापिका बाई मागच्या बाकावर, गुडघे तिरपे करून बसल्या. मांडीवर पुढच्या महिन्याचं वेळापत्रक होतं. मास्तरांनी मुलांना कंपास दाखवला. नेहमीसारखं फळ्याकडे अर्धी पाठ करून, बोलता बोलता, टोक टेकवलं आणि खडू फिरवला.

कपाट खरखरीत होतं. फळा नवा, हिरवा, गुळगुळीत. रबर घसरलं. केंद्रच चालायला लागल्यावर वर्तुळाने काय करायचं? फळ्यावर गोगलगायीसारखं काहीतरी उमटलं.

मास्तरांनी ते पुसलं. दोन्ही हातांनी जोर देऊन टोक दाबलं. जोर दिला की हात अधिकच थरथरायचा, आणि ती थरथर लाकडातून खाली जाऊन रबराला जागचं हलवायची. यंत्राला सगळी मापं सांगितली होती. हे एक सांगायचं राहिलं होतं. पुन्हा गोगलगाय. मागे बाईंच्या हातातला कागद वाजला.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. न विचारता पुढे आली आणि रबराच्या टोकावर दोन्ही तळवे दाबून उभी राहिली. "सर, मी धरते. तुम्ही फिरवा."

"बस जागेवर. होतंय माझं."

"नाही होत सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात कीव नव्हती. पट्टी कुठे ठेवलीय ते सांगावं तसं ती सांगत होती. "तुमचा हात हलतो ना."

मास्तरांना वाटलं, फळ्याने आपल्याला आत घ्यावं. "कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आम्हाला माहीत आहे. पहिल्याच तासापासून."

वर्गाने मान डोलावली, सगळ्याच्या सगळ्या वर्गाने. बटाट्याला कोणी का हसलं नव्हतं ते मास्तरांना आत्ता कळलं. इतके महिने ते पस्तीस मुलांपासून एक गोष्ट लपवत होते आणि पस्तीस मुलं त्यांना ती लपवू देत होती.

मागून एक चष्मेवाला मुलगा आला. "सर, खडूचा पाय मी फिरवतो. तुम्ही नुसतं सांगा."

मास्तरांनी कंपास सोडला. हात रिकामे झाले तेव्हा त्यांना कुठे ठेवावं ते सुचेना, म्हणून ते चालत वर्गाच्या मध्यभागी आले, दोन बाकांच्या मध्ये. चौतीस आणि सहा, चाळीस वर्षांत त्यांनी वर्तुळ कधी इथून बघितलं नव्हतं. इथून फळा केवढा मोठा दिसतो!

"सावकाश," ते म्हणाले. "पाय ताठ धर. वाकू नकोस, चालत जा त्याच्याबरोबर. हां. तू केंद्र सोडू नकोस."

खडू निघाला, वर गेला, वळला, खाली आला, मुलीच्या कोपराखालून निघाला आणि जिथून सुटला होता तिथे आला. जवळजवळ आला. बोटभर अंतर राहिलं.

"तू हललीस!" मुलगा म्हणाला.

"मी कशाला हलू? तूच खडू दाबलास, तो झिजला!"

"झिजला तर आत येईल, हा बाहेर गेलाय!"

मास्तरांचा हात सवयीने डस्टरकडे गेला. चुकलेलं वर्तुळ त्यांनी फळ्यावर कधी राहू दिलं नव्हतं. डस्टर तिकडे फळ्यापाशी होता आणि ते इथे, बाकांमध्ये. ते तिथेच थांबले.

"पुसू नका," ते म्हणाले. "बाहेर गेलाय म्हणतोस? म्हणजे त्रिज्येचं काय झालं असेल? वाढली की कमी झाली? आणि वाढली तर कुठे वाढली? टोकाशी, सांध्याशी, की खडूशी?"

पस्तीस हात वर झाले. मग हात वर करायचं राहूनच गेलं आणि सगळेच बोलायला लागले. कोणी म्हणालं रबर दबलं, कोणी म्हणालं सांधा उघडला, एक जण म्हणाला फळाच वाकडा आहे. दोघी जणी दोरी घेऊन पुढे गेल्या आणि केंद्रापासून एकेक ठिकाणी मोजायला लागल्या. तिसरी जोडी कंपास मागत होती, चौथी तिच्या मागे उभी होती.

घंटा झाली. मुख्याध्यापिका बाई वेळापत्रक घेऊन उठल्या. "चला, सर. तास संपला."

"नाही संपला, बाई," केंद्र धरलेली मुलगी फळ्यावरून हात न काढता म्हणाली. "अजून जुळलं नाही."

बाईंनी फळ्याकडे बघितलं, मग बाकांमध्ये मोकळ्या हातांनी उभ्या असलेल्या मास्तरांकडे. आणि त्या परत बसल्या.